पाटणात दिवस लवकर मावळतो

आर्जवचं एक ठाम मत होतं. डोंगर बघायचा असेल तर डोंगरात राहायचं न्हाई, पाटणला राहायचं. "एसटी स्टँड, पंक्चरवाला, मेडिकल, गरम भाकरी. गाव बघायला कोण येत न्हाई, म्हणून तर ते भारी," असं सांगून तो सांगलीच्या लोकांना इथं आणायचा आणि इथनं रानात फिरवायचा. पाटणनं त्याला कधी दगा दिला नव्हता.

म्हणून प्राचीच्या वडिलांनाही त्यानं इथंच आणलं. जिनदत्तकाका, माधवनगरचे हळदीचे व्यापारी. प्राची-आर्जवच्या लग्नाचा विषय निघाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं होतं, "डोंगर दाखवून पोट भरतं का रं?"

आता दाखवायचंच होतं. दुपारी बयाबाईच्या खानावळीत काकांना जेवू घालायचं, सकाळी रान. काका पक्के जैन, मावळतीनंतर घास घेत न्हाईत. बयाबाईला त्यानं आधीच बजावलेलं, कांदा-लसूण नको.

पण वाटेत गाडी पंक्चर झाली, स्टेपनीतही हवा नाही. पाटणला पोचले तेव्हा सगळी पेठ सावलीत. बयाबाईनं ताट वाढलं, काकांनी हात मागं घेतला.

"मावळला की."

"न्हाई काका, डोंगराआड गेलाय. मोबाईल म्हणतोय अजून तासभर हाय."

"मोबाईल जेवतो का? मला सूर्य दिसाय पाहिजे."

समोरच्या डोंगराच्या अंगावर अजून पिवळंधम्मक ऊन होतं. आर्जवचं डोकं चाललं. "मग दाखवतो की! मावशी, डबा भरा."

दोघं चढायला लागले. पहिल्या टप्प्यावर ऊन सापडलं. काका खडकावर टेकले, आर्जवनं डबा काढला, तेवढ्यात सावली उधारी मागायला आल्यागत पायाशी हजर.

"गेला," काका म्हणाले.

"वर हाय की. चला."

दुसऱ्या टप्प्यावर तेच. तिसऱ्याला तर काकाच पुढं. हळदीच्या पोत्यांवर उभा जन्म काढलेला माणूस, धोतर खोचून घोरपडीगत चढत होता. मागनं आर्जव, हातात हिंदकळणारा डबा.

माथ्यावर मात्र ऊनच ऊन. पलीकडं कोयनेचं पाणी तांब्याच्या परातीगत चमकत होतं आणि त्याच्या मागं रानच रान, डोंगराला डोंगर चिकटलेले. काका कमरेवर हात ठेवून बघतच राहिले.

"आवं काका, जेवा अगुदर."

डबा उघडला. धावपळीत भाजी सांडून भाकऱ्या भिजून गेल्या होत्या. आणि प्रत्येक भाकरीवर बटाटा. कांद्याच्या जागी बयाबाईनं मायेनं घातलेला, पोटाला आधार म्हणून.

जमिनीखालचा कंद, काकांना वर्ज्य. आर्जवही जैनच, पण रोज स्टँडवर वडा खाणारा; बटाटा नको म्हणायचं त्याला सुचलंच नव्हतं.

काकांनी डबा बघितला. आर्जवकडं बघितलं. मग कोटाच्या खिशातनं एक दबलेलं केळं काढलं, मोडलं.

"घे. पटकन खा, टेकलाय तो."

सूर्य बुडेपर्यंत दोघं केळं चघळत बसले.

"पोट काय भरलं न्हाई," अंधारात उतरताना काका म्हणाले, "पण उद्या ते पलीकडचं रान दाखव."

"म्हंजे काका, लग्नाचं..."

"करू की. पण सपाटीवर. आन् पंगत सकाळी, सूर्य डोक्यावर यायच्या आत. स्वयंपाकाचं तू कुणाला काय सांगायचं न्हाई."