यांना सोमवारी आणावे

जनावरांच्या डॉक्टरांचा जावई कॉम्प्युटरवर नक्की काय करतो, हे डॉक्टरांना लग्नाला चार वर्षं होऊनही कळलं नव्हतं. म्हणून त्यांनी त्याला एकदाचं काम दिलं. वार्षिक तपासणीची तारीख जवळ आली, की मालकाच्या फोनवर आपोआप निरोप जायला हवा.

जावयाने शेल स्क्रिप्ट लिहिली. म्हणजे कॉम्प्युटरला एकाखाली एक लिहून दिलेली कामं. नोंदवहीतून जनावराचं नाव घ्यायचं, 'नाव' अशी चिठ्ठी लावलेल्या एका डबीत ठेवायचं, डबीतून काढून निरोपात चिकटवायचं आणि निरोप पाठवायचा.

"'शेरूला आणा' असं लिहू नका," सासरे म्हणाले. "लोक पोटच्या पोरासारखं सांभाळतात. 'शेरू यांना आणावे' असं लिहा."

"बरं, बाबा."

"आणि एखाद्याचं नावच नसलं तर?"

"ते पाहिलंय. डबी रिकामी असेल तर निरोप जाणारच नाही." त्याने एक नाव पुसून दाखवलं. निरोप खरंच गेला नाही. सासऱ्यांनी मान डोलावली. चार वर्षांत पहिल्यांदाच.

सोमवारी सकाळी दहाला डॉक्टर दवाखान्यात शिरले, तर बाकांवर माणसं दाटीवाटीने बसलेली. जनावर मात्र एकच होतं. ते मांजर होतं आणि तेही गोंधळलेलं दिसत होतं.

"कुत्रा कुठाय?" डॉक्टरांनी पहिल्या बाईंना विचारलं.

"घरी. त्याला कशाला आणू?" बाईंनी शेजारच्या गृहस्थांकडे बोट केलं. "यांना आणलंय."

"यांना?"

"तुमचाच निरोप आहे. वाचा." बाईंनी फोन पुढे केला. *यांना सोमवारी सकाळी दहा वाजता तपासणीसाठी आणावे. रक्त तपासायचे असल्याने उपाशी ठेवावे. चावत असल्यास तोंड बांधून आणावे.*

"अहो, हे कुत्र्यासाठी आहे."

"कुत्र्याचं नाव कुठंय यात? आमच्या घरात 'यांना' म्हणजे हेच."

बाकावरच्या बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. एक गृहस्थ तोंडावरचा मफलर सोडून काहीतरी सांगू पाहत होते, पण त्यांच्या बायकोने तो पुन्हा नीट बांधला.

डॉक्टरांनी जावयाला फोन लावला. पंधरा मिनिटांत तो हजर झाला आणि मान खाली घालून कॉम्प्युटरसमोर बसला. एकोणीस निरोप बिननावाचे गेले होते.

"तुम्ही तर तपासलं होतं," सासरे दात आवळून म्हणाले.

"डबी रिकामी नव्हती, बाबा."

"मग काय होतं तिच्यात?"

"एक मोकळी जागा."

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. नोंदी करणाऱ्या बाई दारातूनच म्हणाल्या, "ते माझं काम. काही लोक कुत्र्याचं नाव सांगत नाहीत. रकाना सोडला तर हा कॉम्प्युटर टुंग करून अडून बसतो. लांबवालं बटण एकदा दाबलं, की गुमान पुढे जातो."

"म्हणजे तुम्ही काहीच लिहिलं नाही," डॉक्टर म्हणाले.

"काहीच नाही."

"मग ते रिकामंच झालं की!"

"आपल्याला रिकामं, बाबा," जावई म्हणाला. "याच्या लेखी मोकळी जागा हेही एक अक्षरच. आधी अशा जागा झाडून काढायच्या आणि मग डबी रिकामी आहे का ते बघायचं. माझं झाडायचं राहिलं."

"पण माझी अब्रू झाडून निघाली," सासरे म्हणाले.

बाहेर आवाज चढू लागले. उपाशी माणसांना चहा हवा होता आणि बायकांना तपासणी. शेवटी डॉक्टर जिना चढून वरच्या मजल्यावरच्या, म्हणजे माणसांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि पडेल आवाजात सगळं सांगितलं. त्या हसतील असं त्यांना वाटलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मात्र विचारलं, "उपाशी आहेत सगळे? नक्की?"

दुपारपर्यंत एकोणीस जणांचं रक्त घेऊन झालं. तिघांचा रक्तदाब असा निघाला, की त्यांना तिथल्या तिथे गोळी द्यावी लागली. मफलरवाल्यांची साखर तर डॉक्टरीणबाईंनी दोनदा तपासली. "यांना मी तीन वर्षं बोलावतेय," त्या म्हणाल्या. "दर वेळी म्हणतात, मला कुठे काय झालंय."

जावयाने तेवढ्यात मोकळ्या जागा झाडणारी ओळ घातली, एक स्पेस, पाच स्पेस, सगळं करून पाहिलं. एकही निरोप हलला नाही. नोंदी करणाऱ्या बाईंनी एकोणीस घरी फोन करून कुत्र्यांची नावं विचारली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई खाली आल्या. "असलीच एक स्क्रिप्ट मला हवी. पण निरोप बायकांच्याच फोनवर जायला हवा."

जावयाने आठवड्याभरात लिहून दिली.

पुढच्या सोमवारी डॉक्टरांना सकाळी घरी चहा मिळाला नाही. जावयाच्या सासूबाई त्यांना घेऊन निघाल्या, त्या त्यांच्या दवाखान्यावरून पुढे जिना चढून थेट वर. सात वर्षांत ज्यांनी स्वतःचा रक्तदाब मोजला नव्हता, ते डॉक्टर बाकावर नववा नंबर धरून बसले. समोर जावई लॅपटॉप घेऊन बसला होता.

"पुन्हा नाव रिकामं गेलं वाटतं?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"नाही, बाबा," जावई स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. "या वेळी पूर्ण भरलेलं होतं. आईंनी स्वतः येऊन भरलं."