डॉक्टरांची गाडी डावीकडे वळते

रविवारी सकाळी सायकल क्लबचे अध्यक्ष फाटकातून आत आले, तेव्हा दातांचे डॉक्टर तोंड तपासायचा आरसा आपल्या गाडीच्या इंजिनात घालून बघत होते. लांब दांडीचा, नखाएवढ्या काचेचा तो आरसा दवाखान्यातून कधीच निवृत्त झालेला होता. पण ही गोष्ट पेशंटांना पटवताना डॉक्टरांच्या नाकी नऊ येत.

गाडी ब्रिटिश होती. दोन माणसांपुरती, उघडी, बाटलीच्या काचेसारखी हिरवी, तारांच्या चाकांची आणि वयाने जवळपास डॉक्टरांच्याच बरोबरीची. तिच्या इंजिनाला सुपरचार्जर होता, म्हणजे इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंप. वेग वाढला की तो कुकरच्या शिट्टीसारखा पण न थांबता वाजे. त्याचं महत्त्व डॉक्टर प्रत्येक पेशंटला समजावून सांगत, आणि पेशंटचं तोंड त्या वेळी उघडं असल्यामुळे आजवर कुणी विषय बदलू शकलं नव्हतं. गाडीतून तेल गळे. गळायचं थांबलं की डॉक्टर घाबरत, कारण त्याचा अर्थ तेल संपलं असा असे.

"डॉक्टर, आमची पुढची जीप सुरूच होत नाहीये," अध्यक्ष म्हणाले. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि काळजीत असले की ते स्वतःचाच चष्मा सारखा पुसत. "प्रमुख पाहुणे येऊन बसलेत. शर्यतीच्या पुढे चालायला एक गाडी हवी. तुमची द्या."

डॉक्टरांनी आरसा खाली ठेवला. ही गाडी जरा हलवा असं सांगणारे त्यांना आयुष्यात पुष्कळ भेटले होते. ही गाडी आणा असं म्हणणारा हा पहिलाच.

अडचण एकच होती. त्यांची बायको त्याच शर्यतीत उतरली होती. ती शाळेत भूगोल शिकवायची, आणि चाळिशी उलटलेल्यांची ही शर्यत दर वर्षी न चुकता पळायची. न चुकता शेवटची यायची. पहिला नंबर काढावा असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. एकदा, फक्त एकदा, आपल्या मागे कुणीतरी असावं एवढंच तिचं म्हणणं. सकाळी सायकल घेऊन निघताना ती बजावून गेली होती, "आज ती गाडी बाहेर काढू नका. मी चढावर असताना माझ्या डोक्यात फक्त चढ हवा. तुम्ही कुठे बंद पडला असाल, हा विचार नको."

"नाही काढणार," डॉक्टर म्हणाले होते, आणि ते मनापासून म्हणाले होते.

आता त्यांनी मनाशी विचार केला. गाडी सगळ्यांच्या पुढे असणार. बायको जिथे असायची तिथेच असणार. दिसायचा प्रश्नच कुठे येतो? माणूस मोहात पडला की त्याला स्वतःचे मुद्दे फार बिनतोड वाटतात.

"चालवायची किती वेगाने?" त्यांनी विचारलं.

"सायकलच्या वेगाने."

डॉक्टरांचा चेहरा जरा उतरला. माणूस पळाला की तापतो आणि हळू चालला की थंड होतो. या गाडीचं नेमकं उलट होतं. वाऱ्यावर असली की खूश. हळू चालवली की तिचा पारा चढे. पण अध्यक्ष तोवर फाटक उघडायला गेले होते.

प्रमुख पाहुणे म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश होते. उंच, शिडशिडीत, पांढरीशुभ्र पँट. गाडीत बसताना ते गुडघे दुमडून असे काही आत गेले की त्यांचे गुडघे आणि हनुवटी यांची भेट झाली. "पट्टा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"बॉनेटला आहे," डॉक्टर म्हणाले. "माणसांना नाही."

झेंडी पडली. डॉक्टरांनी गाडी हलवली, मागून सायकली निघाल्या. सगळ्यांच्या पुढे होत्या मेडिकलवाल्या बाई. औषधाच्या दुकानात दिवसभर उभ्या राहून त्यांचे पाय लोखंडाचे झाले होते, आणि पहिला नंबर दर वर्षी त्यांच्याच घरी जायचा. सगळ्यांच्या मागे, खरं तर अजून रेषेवरच, डॉक्टरांची बायको होती. पहिलाच पायडल मारला आणि तिची चेन उतरली. खाली बसून काळ्या हातांनी चेन चढवत असताना तिला लांबून एक शिट्टी ऐकू आली, आणि तिने मान न उचलताच डोळे मिटून घेतले.

इकडे गाडीचा काटा चढू लागला. डॉक्टरांना त्यावरचा एक उपाय ठाऊक होता. हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनाची उष्णता गाडीत येते आणि इंजिनाला तेवढाच थंडावा मिळतो. त्यांनी खटका ओढला. न्यायाधीशांच्या पायांवर भट्टीचं दार उघडल्यासारखी गरम हवा आली.

"हे काय आहे?"

"हीटर आहे, साहेब."

न्यायाधीशांनी भर उन्हातल्या रस्त्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. "यामागे काही कारण असेल, असं मी गृहीत धरतो."

"गाडी तापलीय."

"आणि आता मीही."

काटा थोडा थबकला आणि पुन्हा चढू लागला. आता रेडिएटरच्या जाळीला वारा लागायला हवा, म्हणजे वेग वाढवायला हवा. डॉक्टरांनी जरा वेग वाढवला. मेडिकलवाल्या बाईंना वाटलं, आपल्याला आव्हान दिलंय. त्यांनीही वेग वाढवला, म्हणून त्यांच्या मागच्यांनी वाढवला. क्लबच्या इतिहासात ही शर्यत एवढ्या जोरात कधी पळाली नव्हती. सुपरचार्जर आणखी जोरात वाजू लागला, बॉनेटच्या फटीतून वाफेची एक बारीक रेघ निघाली, आणि न्यायाधीशांनी पिण्यासाठी आणलेली पाण्याची बाटली डॉक्टरांच्या नजरेतला अर्थ ओळखून छातीशी धरली.

"पाण्याच्या टाकीजवळ चौक आहे," डॉक्टर म्हणाले. "तिथून डावीकडे आमच्या मेकॅनिकचं गॅरेज लागतं. मी पटकन बाजूला होतो. सायकलवाले सरळ जातील. यंदाचा नवा मार्ग रस्त्यावर आखलाय, पांढरे बाण आहेत."

"त्यांना तसं सांगायला नको?"

"मी हात करतो."

चौकात झेंडी घेऊन एक शिंपी उभा होता. क्लबने त्याला एवढंच सांगितलं होतं की पुढची गाडी जाईल तिकडे सगळ्यांना पाठवायचं. डॉक्टरांनी डावीकडे वळता वळता उजवा हात वर करून जोरजोरात पुढे हलवला. त्यांच्या मते त्याचा अर्थ होता, तुम्ही सरळ जा. मागून बघणाऱ्यांना त्याचा अर्थ लागला, चला, चला, माझ्या मागून या. शिंप्याने झेंडी डावीकडे केली. बाई वळल्या आणि त्यांच्या पाठोपाठ सगळी शर्यत वळली.

"डॉक्टर," न्यायाधीश मान वळवून म्हणाले, "ते येतायत."

"कोण?"

"सगळे."

थांबावं तर इंजिन जागेवर चिकटून कायमचं जायचं. न थांबावं तर शर्यत गॅरेजमध्ये. गल्ली अरुंद होती, वळायला जागा नव्हती. डॉक्टरांनी आयुष्यात रडणाऱ्या माणसांच्या अक्कलदाढा शांतपणे काढल्या होत्या. आज त्यांचेच हात स्टिअरिंगवर घामाने निसटत होते.

मेकॅनिक अंगणात खुर्ची टाकून दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण. फाटकातून आधी वाफ आली, मग गाडी आली, मग टायरच्या दोन ढिगांमधून मेडिकलवाल्या बाई दोन्ही हात वर करून आल्या, कारण थांबलेली पुढची गाडी, एवढी वाफ आणि फाटक म्हणजे शेवटची रेषाच असणार असं त्यांना वाटलं. त्यांच्या मागून धापा टाकत बाकीचे. अंगण भरलं.

"डॉक्टर," मेकॅनिक वस्तरा खाली घेत म्हणाला, "आज वरात घेऊन आलात?"

"पाणी आण," डॉक्टर म्हणाले.

"मी पहिली ना?" बाईंनी विचारलं.

मेकॅनिकने बॉनेट उघडलं, वाफ जाऊ दिली, वाकून बघितलं. डॉक्टर श्वास रोखून उभे होते. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर उभे राहणारे लोक असेच दिसतात.

"काही झालेलं नाही," तो म्हणाला. "पंख्याचा पट्टा ढिला पडलाय. ताणतो."

डॉक्टर टायरच्या ढिगावर मटकन बसले. जिवात जीव आला तो एवढा, की आपल्या समोर सबंध शर्यत उभी आहे हे त्यांच्या क्षणभर लक्षातच आलं नाही. मग आलं.

तिकडे चौकात त्यांची बायको पोहोचली, तेव्हा शिंपी झेंडी गुंडाळून निघायच्या बेतात होता. तिला बघून त्याने ती पुन्हा उलगडली. "डावीकडे, बाई. सगळे डावीकडे गेले."

तिने रस्त्याकडे पाहिलं. पांढरा बाण सरळ होता. त्याच्या बाजूने तेलाच्या ताज्या थेंबांची ओळ डावीकडे वळली होती.

"गेले असतील," ती म्हणाली. "माझा नवरा गॅरेजला गेलाय." आणि ती सरळ गेली.

शर्यत जिथे संपायची त्या मैदानावर ती एकटीच पोहोचली. माईकवरचा माणूस रस्त्याकडे डोळे लावून बसला होता. तिला रेषेजवळ बघून तो म्हणाला, "बाई, जरा बाजूला व्हा. शर्यत येतेय."

"मीच शर्यत आहे," ती म्हणाली आणि रेषा ओलांडून सायकलवरून उतरली.

बाकीची शर्यत आली ती बऱ्याच वेळाने, लांबचा वळसा घालून आणि फार वाईट मनःस्थितीत. तिच्या मागून, आता पूर्ण थंड झालेली आणि अत्यंत गुणी वागणारी हिरवी गाडी. मेडिकलवाल्या बाईंना निकाल कळला तशी त्यांनी सायकल आडवी टाकली.

"हा नवरा-बायकोचा डाव आहे," त्या म्हणाल्या. "यांनी आम्हाला तिकडे नेलं आणि ती इकडून आली. पुढच्या गाडीत नवरा बसतो काय, आणि शेवटची बायको पहिली येते काय."

ऐकायला ते इतकं पटण्यासारखं होतं की खुद्द डॉक्टरांनाही क्षणभर वाटलं, आपण हे केलं असेल. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसायला घेतला. लोक गोळा झाले. बायको नवऱ्याकडे बघत होती, आणि ते बघणं डॉक्टरांना आरोपापेक्षा जड जात होतं.

तेवढ्यात न्यायाधीश गाडीतून बाहेर आले. त्यांची पांढरी पँट गुडघ्याखाली तपकिरी झाली होती. पण आवाज जुन्या कोर्टातलाच होता.

"मी त्या गाडीत होतो," ते म्हणाले. "चालकाने कट केला असं यांचं म्हणणं आहे. कट करायचा तर गाडी चालकाच्या ताब्यात असावी लागते. ती नव्हती. मी साक्षीदार आहे, आणि थोडाफार भाजलेलाही आहे." मग ते अध्यक्षांकडे वळले. "मार्ग कसा आखला होता?"

"बाणांनी, साहेब."

"बाणांप्रमाणे कोण आलं?"

अध्यक्षांनी डॉक्टरांच्या बायकोकडे बोट दाखवलं.

"मग आमच्या मेहनतीचं काय?" बाईंनी विचारलं.

"मेहनत खरी आहे," न्यायाधीश म्हणाले. "दिशा चुकली. माझ्याकडे अशी पुष्कळ माणसं यायची."

आधी कुणीतरी मागून हसलं. मग दमलेली माणसं हसतात तसं सगळं मैदान हसत सुटलं. मेडिकलवाल्या बाईंनी बराच वेळ ओठ घट्ट मिटून धरले. पण आपण गॅरेजमध्ये दोन्ही हात वर करून शिरलो होतो हे आठवल्यावर त्यांनाही आवरेना. कप त्यांनीच आणून विजेतीच्या हातात ठेवला. "वर्षभर सांभाळा," त्या म्हणाल्या. "मग मी न्यायला येते."

डॉक्टरांना वाटलं होतं, आपली बायको तत्त्वाची आहे, कप नाकारेल. तिने तो लगेच काखेत मारला.

मग ती गाडीपाशी आली. डॉक्टर कापडाने उगाचच दिवा पुसत होते.

"गाडी पुढे असणार, म्हणून मला दिसणार नाही," ती म्हणाली. "असंच ना?"

डॉक्टर आता दुसरा दिवा पुसायला लागले.

"दिसली नाही. ऐकू आली." आणि तिच्या ओठांचा कोपरा हलला. डॉक्टरांनी तो हललेला पाहिला आणि हातातलं कापड खाली ठेवलं. इंजिन वाचलं होतं. घरही वाचलं होतं.

अध्यक्ष लगबगीने आले. आता त्यांचा चष्मा नाकावर स्थिर होता. "डॉक्टर, साहेब म्हणतायत पुढच्या वर्षीही येईन, पण याच गाडीत. तेव्हा गाडी हवीच. फक्त एक करू. तुम्ही पुढे नको. सगळ्यांच्या मागे चला, म्हणजे कुणी चुकायला नको."

डॉक्टर हो म्हणणार, एवढ्यात बायकोने कप एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला.

"मागे नको," ती म्हणाली. "मागे मी असते."