घासलेलं मडकं

गाओनेने मडकं घासून इतकं लख्ख केलं, की तिचं तिलाच कौतुक वाटलं. ते उन्हात पालथं घालताना मात्र तिचा हात थांबला. तळाशी राहिलेलं आंबट पीठ म्हणजे आजीचं विरजण होतं. आजीला तिच्या सासूकडून आलेलं, दर खेपेला चार चमचे मागे राखून जपलेलं. साबणाबरोबर ते गटारात गेलं होतं.

परवा नवऱ्या मुलाकडच्या बायका गाओनेच्या लग्नाचं पक्कं करायला येणार होत्या. आजीने बजावलं होतं, "ज्वारीचं टिंग नीट आंबवलंस तर मडकं तुझं. नाहीतर शहरात, गाबोरोनेला जाऊन पावच खा."

विरजणाशिवाय टिंगची ती आंबट लापशी वेळेत आंबणार नव्हती. आजी रानभाजी खुडायला गेली होती. गाओने शेजारच्या म्मा-पेलोकडे पळाली.

"माझं विरजण? तुझ्या आजीच्या घरात?" म्हातारी शेणाने अंगण सारवत होती. "भर लग्नात माझ्या टिंगला काय म्हणाली होती, ठाऊक आहे? भिंत लिंपायला बरं आहे म्हणे."

"तेव्हापासून तुम्ही दोघी बोलत नाही?"

"मी बोलते की. तीच ऐकत नाही." म्मा-पेलोने निळ्या फुलाच्या टवका उडालेल्या मगात विरजण भरलं. "ने. तिला सांगू नकोस."

गाओनेने पीठ कालवलं, विरजण घातलं आणि मडकं घोंगडीत गुंडाळून चुलीशी ठेवलं. आजी उठता-बसता घोंगडी उचलून वास घेई. तिने नाक आत घातलं, की गाओने उगाच चुलीत लाकूड सारायची.

पाहुण्या आल्या. टिंग शिजलं, वाढलं गेलं. मुलाच्या आत्याने दुसऱ्यांदा वाटी पुढे केली, तशी आजी कुंपणाकडे तोंड करून गरजली, "असं टिंग या गावात दुसऱ्या कुणी आंबवून दाखवावं."

कुंपणापलीकडे कुणाला तरी जोराचा ठसका लागला. गाओने मान खाली घालून भांडी गोळा करू लागली.

पाहुण्या गेल्यावर आजीने मडकं तिच्या पुढ्यात ठेवलं. "तुझं झालं. आता उरलेलं टिंग भरून पलीकडे देऊन ये. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये."

तिने शालीआडून निळ्या फुलाचा मग काढला.

"आजी, तुला ठाऊक होतं? मग तू तसं ओरडून का…"

"ओरडल्याशिवाय तिला ऐकू येत नाही. इतक्या वर्षांत तिचं कौतुक करायची संधी कुठे मिळाली होती?" आजीने मग काठोकाठ भरला. "आणि जाशील तेव्हा सांग, जरा जास्तच आंबट आहे."