पाहुण्यासमोरचा पेला

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. (मिटलेल्या डोळ्यांनी वाचता येत नाही, तेव्हा उघडा, पण कल्पना चालू ठेवा.) दोन खुर्च्या आहेत, मध्ये टेबल, टेबलावर पाण्याचा जग आणि एक पेला. एका खुर्चीत मी आहे. दुसरीत पाहुणा आहे. त्याची कल्पना नाही केलीत तरी चालेल.

गप्पांना दोन माणसं लागतात, हे सर्वमान्य सत्य आहे. त्यांतलं एकच बोललं तरी भागतं, हे दूरचित्रवाणीवर सिद्ध करण्याचा मान माझ्या 'बोला, पाहुणे' या कार्यक्रमाकडे जातो. तो सुरू झाला तेव्हा माझे केस काळे होते. (आजही आहेत, श्रेय रंगभूषा करणाऱ्या बाईंचं.)

कार्यपद्धती सोपी होती. पाहुण्याला कष्ट पडू नयेत म्हणून उत्तर प्रश्नातच घालायचं. "आपण लहानपणी विहिरीत पडलात, घाबरलात, तिथूनच पोहण्याची गोडी लागली आणि आज आपण विजेते आहात, असं म्हणता येईल ना?" पाहुण्याने "हो" म्हणायचं. दहांतले नऊ पाहुणे "हो" म्हणत. दहाव्याला शिंक येई (ती आम्ही प्रक्षेपणात ठेवत असू). अशाने पाहुण्याचा घसा कधी कोरडाच पडत नसे. त्यामुळे त्याच्यासमोरचं पाणीही मीच पीत असे.

एवढं सुरळीत चाललेलं असताना वाहिनीच्या नव्या संचालिकाबाईंनी मला बोलावलं.

"काका, पुढच्या भागात पाहुण्याने सलग दोन वाक्यं बोलली पाहिजेत. नाहीतर कार्यक्रम बंद."

"म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय की प्रेक्षकांना—"

"हेच," बाई म्हणाल्या. "हेच बंद."

कार्यक्रम बंद म्हणजे मी दिवसभर घरी. हे कळताच बायकोने हातातलं काम टाकलं आणि नातीची वेणी घातली. नात आठ वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणतात.

"हिला न्या पाहुणी म्हणून," बायको म्हणाली. "तोंड मिटत नाही हिचं. तुमच्यावर गेलीय. आणि कृपा करून तिला बोलू द्या."

दिवे लागले.

"भिंगरी, तुला शाळा फार आवडते—"

"नाही आजोबा, मला ना—"

"नाही म्हणजे, आवडत नाही असं नाही, फक्त गणिताची जरा धास्ती, असंच ना?"

काचेपलीकडे संचालिकाबाईंनी घड्याळ पाहिलं. कॅमेरावाल्याचा नेहमीप्रमाणे डोळा लागला.

भिंगरीने पेला उचलून माझ्या ओठांना लावला. "आजोबा, घसा बसलाय तुमचा. प्या बघू."

मी प्यायला लागलो. पेल्याच्या बुडाला तिने खालून बोट लावून ठेवलंय, हे जरा उशिरा लक्षात आलं. तोवर ती कॅमेऱ्याकडे वळून बोलू लागली होती. कॅमेरावाला खडबडून जागा झाला. रंगभूषेच्या बाई आधी हसल्या, मग पदराने डोळे पुसू लागल्या. काचेपलीकडे संचालिकाबाईंनी दोन बोटं वर केली. कार्यक्रम वाचला.

ती काय बोलली, म्हणता? मला ठाऊक नाही. मी पुढचा प्रश्न जुळवत होतो. (अनुभवी सूत्रसंचालक ऐकण्यात वेळ घालवत नाही.) पण मुलांनो, तुम्हीही इतका वेळ मध्ये एक शब्द न काढता बसलात, तुम्ही अगदी उत्तम पाहुणे आहात, असं म्हणता येईल ना? "हो" म्हणा.

तर पेला संपला. मी तोंड पुसलं आणि प्रश्नासाठी दीर्घ श्वास घेतला.

भिंगरीने शांतपणे जग उचलला.