ब्राउनीला पाणी मारणारे कोंडीभाऊ

कोंडीभाऊ मिस्त्री कुणाच्याही घरी गेले, की चहाच्या आधी खिशातून काचेची गोटी काढत आणि फरशीवर ठेवून देत. गोटी मोरीच्या दिशेनं निघाली, तर घर चांगलं. ती देवघराकडे निघाली, तर मिस्त्री ती उचलून पुन्हा खिशात टाकत आणि घरमालकाकडे असं बघत, की त्या बिचाऱ्याला वाटावं, आपण हे घर बांधलं कशाला! "फरशी कुणी बसवली?" एवढं एकच विचारत. उत्तर काहीही आलं तरी त्यावर "वाटलंच" म्हणत आणि मग बशीत चहा ओतत.

मी खोडदला दुर्बिणीवर नोकरीला होतो. दुर्बीण म्हणजे डोळा लावून बघायची नव्हे. शेताशेतांतून उभ्या असलेल्या त्या अवाढव्य लोखंडी तबकड्या, आकाशातून येणाऱ्या लहरी ऐकणाऱ्या. जगभरातून माणसं त्या बघायला येत आणि थक्क होत. कोंडीभाऊ मात्र कधी थक्क झाले नाहीत. "एवढाल्या थाळ्या उभ्या केल्या, पन सगळ्या कलत्या. लेवलमधी एक न्हाई," हे त्यांचं खगोलशास्त्रावरचं कायमचं मत.

आम्ही राहायचो ते घर त्यांनीच बांधलेलं, आणि त्यांच्या घराला लागूनच. भाडं द्यायचो गावातल्या एका बागायतदाराला, पण मालक असल्यासारखे वागायचे कोंडीभाऊ. मी कॅलेंडरसाठी भिंतीत खिळा ठोकायला घेतला, तर दुसऱ्या ठोक्याला मिस्त्री दारात हजर. "पावणं, भिंतीला इचारलं व्हतं का?" इतकी वर्षं शेजारी राहूनही मी पाहुणाच होतो. माझी बायको शैला मात्र पहिल्या आठवड्यातच वहिनी झाली. कारण तिनं फरशी पुसताना पाणी मोरीकडे आपोआप जातं, असं सहज बोलून दाखवलं होतं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "पानी मारायचं आन् वाट बघायची." नव्या बांधकामावर पाणी मारून ते मुरू द्यावं लागतं, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण कोंडीभाऊंनी ते आयुष्याला लावलं होतं. माझी बढती अडली, पाणी मारा आणि वाट बघा. कुणाच्या मुलाचं लग्न जमेना, पाणी मारा आणि वाट बघा. माझी दाढ दुखत होती तेव्हासुद्धा त्यांनी हेच सांगितलं आणि दाढ शेवटी काढावीच लागली.

अशा या माणसाच्या हातून एकच चूक झाली होती, आणि ती स्वतःच्याच घरात. बायको गेल्यावर त्यांनी घरावर एक खोली चढवली. खोली झकास, पण तिची खिडकी पार खाली आलेली, मोठ्या माणसाच्या गुडघ्याला लागेल इतकी. गाव हसायचं. "मिस्त्री, खिडकी हाय का कोंबड्यांचं दार?" असं कुणी विचारलं, की कोंडीभाऊ गोटी चाचपत निघून जायचे. त्या खोलीला कायम कुलूप. गावातल्या कुणी कांदा ठेवायला मागितली, दिली नाही. आमच्याकडे पाहुणे आले म्हणून मी दोन दिवसांसाठी मागितली, तर म्हणाले, "ती गुतलेली हाय." कुणासाठी गुंतली आहे, ते काही कळलं नाही. दर दिवाळीला तिला आतून चुना मात्र लागायचा.

एका उन्हाळ्यात ते एसटीडी बूथवरून तडक आमच्याकडे आले. गोटीसुद्धा काढली नाही. तेव्हाच मला वाटलं, काहीतरी मोठं घडलंय.

"वहिनी, तुमच्याकडं ते गोल, काचंच्या झाकणाचं, केकाचं यंत्र हाय ना? त्यात ब्राउनी व्हती का?"

झालं होतं असं. त्यांची मुलगी मंगल पुण्यात राहायची. वर्षातून एकदा जत्रेला यायची आणि संध्याकाळच्या जीपनं परत जायची. "अण्णा, तुम्ही एकटे, तुम्हाला कशाला त्रास," असं म्हणून कधी राहिली नाही. या वेळी नातीचा, जुईचा वाढदिवस खोडदला करा, असा कोंडीभाऊंनी फोनवर आग्रह धरला. जुईनं कुठल्याशा मैत्रिणीच्या पार्टीत ब्राउनी खाल्ली होती. खाली चॉकलेट, मधे हिरवा पुदिन्याचा थर, वर पुन्हा चॉकलेट. तशी असेल तरच येईन आणि राहायलाही येईन, असं तिनं आजोबांना सांगितलं. मंगल मागून म्हणाली, "अण्णा, तिकडं कुठं मिळणार? तुम्हीच या इकडे." आणि कोंडीभाऊ फोनवर म्हणून बसले, "हितं हुईल."

शैलानं केक पुष्कळ केले होते, ब्राउनी कधीच नाही. पण मिस्त्रींचा चेहरा बघून तिनं पदर खोचला.

"अंडं कशाला घालायचं?" मिस्त्रींनी विचारलं.

"मिश्रण घट्ट धरून ठेवायला."

"म्हंजी शिमिट. आन् मैदा म्हंजी वाळू. बरं, लोनी?"

"लोण्यानं मऊपणा येतो."

लोण्यासाठी त्यांच्याकडे काही सापडेना. बांधकामात मऊपणाला वाव नसतो. ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, "घाला तर मग."

नारायणगावहून चॉकलेट मी आणायचं ठरलं. आणलंही, पण जीपमध्ये टोमॅटोचे क्रेट आणि माणसं यांच्यामध्ये ते असं चेपलं आणि वितळलं, की घरी आल्यावर पिशवीच खरवडावी लागली. "वितळवायचंच व्हतं की," असं म्हणून मिस्त्रींनी माझं सांत्वन केलं.

पहिली ब्राउनी ओव्हनमधून निघाली ती मधोमध फुगलेली आणि वर भेग पडलेली. शैलाच्या मते ती उत्तम होती. कोंडीभाऊंनी तिच्यावर सपाटी बघायची लेवलची बाटली ठेवली. ब्राउनीवर लेवलची बाटली ठेवणारा माणूस तालुक्यात दुसरा नसावा. बाटलीतला बुडबुडा एका कडेला जाऊन बसला. "तडा गेलाय," ते हळूच म्हणाले, जणू पेशंट ऐकतोय.

"थंड होऊ द्या, मग बघू," म्हणून शैलानं ती झाकून ठेवली आणि आम्ही कामाला लागलो. दुपारी शैला झाकण काढून बघते, तर भांड्यात चॉकलेटची लापशी! वर चार बोटं पाणी. मिस्त्री शेजारीच तांब्या घेऊन उभे होते. चेहऱ्यावर चांगलं काम केल्याचं समाधान.

"नवं काम हाय, वहिनी. कोरडं ऱ्हायलं तर आनखी तडं जात्याल. म्हणून तीनदा पानी मारलं."

शैलानं भांडं उचलून ओट्यावर आदळलं. ती लापशी आळीतल्या पोरांनी वाट्या भरभरून खाल्ली आणि पुन्हा कधी करणार म्हणून विचारलं, तो भाग वेगळा. कोंडीभाऊ मात्र तांब्या खाली ठेवून उंबऱ्यावर बसले. "रागवा, वहिनी. पन ते माज्या हाडात गेलंय. पानी मारल्याबिगर काम टिकतंय, यावर इस्वासच बसत न्हाई."

दुसऱ्या वेळी हिरव्या थरानं दगा दिला. मिस्त्रींनी बांधावरचा ताजा पुदिना खुडून आणला, स्वतः पाट्यावर वाटला. लोणी-साखरेत कालवल्यावर रंग सुरेख आला. एक घास खाल्ला आणि मला थेट भेळ आठवली. वरून शेव पेरली असती तर खपलीही असती. कोंडीभाऊ कपाळाला हात लावून बसले. वाढदिवस परवावर आला होता.

तेव्हा शैलाला वाण्याच्या बरणीतल्या पांढऱ्या पेपरमिंटच्या गोळ्या आठवल्या. मिस्त्रींनी अख्खी बरणी उचलून आणली, खलबत्त्यात गोळ्या कुटल्या आणि वाळू चाळावी तशी ती भुकटी दोनदा चाळली. पुदिन्याचा रस फक्त रंगापुरता. बोटावर घेऊन चाखलं. तोंडात गार वारा सुटला. "हे लागतंय बगा," मिस्त्री म्हणाले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळीच वीज गेली. कधी येईल, हे वीज मंडळालाही ठाऊक नसावं. इलेक्ट्रिकचा ओव्हन नुसता शोभेला. शैलाच्या डोळ्यांत पाणी आलं. कोंडीभाऊ मात्र एकदम शांत झाले. "वाळू हाय ना," म्हणाले. धुतलेली, चाळलेली, उन्हात वाळवलेली वाळू त्यांनी मोठ्या पातेल्यात ओतली, पातेलं चुलीवर चढवलं, वाळूवर भांडं ठेवलं, वर झाकण आणि झाकणावर निखारे. मग चुलीपुढे असे बसले, की त्यांना हाक मारायची कुणाची छाती होईना.

ब्राउनी निघाली ती सपाट. बुडबुडा बरोबर मधोमध. पण चुलीच्या आचेनं ती जरा कोरडी झाली होती. शैलानं बोट लावून बघितलं, एका वाटीत साखरेचं पाणी केलं आणि ती वाटी मिस्त्रींच्या हातात दिली.

"घ्या. आता मारा पाणी. पण एकदाच."

कोंडीभाऊंनी वाटीकडे बघितलं, शैलाकडे बघितलं. मग चार बोटं बुडवून त्यांनी इतकं हलकं शिंपडलं, की देवावर तरी इतक्या हलक्या हातानं कोण शिंपडत असेल? त्यानंतर कोऱ्या, उकळून घेतलेल्या थापीनं हिरवा थर, तो बसल्यावर वरून चॉकलेटचा गिलावा. आणि कापायला सुरी नाही, सूत. नवं कोरं सूत दोन्ही हातांत ताणून त्यांनी वड्या पाडल्या. प्रत्येक वडीचे तीन थर लांबूनही दिसत होते.

चारच्या जीपनं मंगल, जावई आणि जुई आले. कोंडीभाऊंची नजर आधी नातीकडे गेली आणि मग मंगलच्या हातातल्या पिशवीकडे. एकच लहानशी पिशवी. राहायला येणाऱ्या माणसांची पिशवी तशी नसते. मिस्त्रींना हे कुणी सांगायची गरज नव्हती.

अंगणात आळीतली पोरं जमली. जुईनं वडी उचलली, डोळ्यांपुढे धरून थर मोजले आणि चावा घेतला. सगळं अंगण तिच्या तोंडाकडे बघत होतं.

"आजोबा, ही त्या ब्राउनीपेक्षा जाड आहे."

"जाडच पायजेल. वडी हाय का पापड?"

"आणि जास्त छान आहे," जुई म्हणाली आणि दुसरी वडी उचलली. कोंडीभाऊ उगाचच थापी पुसत राहिले.

पोरं पांगली. जावयांनी घड्याळात बघितलं. "नारायणगावची शेवटची जीप चुकायला नको," ते म्हणाले. जुई म्हणाली, "पण ब्राउनी आहे तर मी राहणार होते ना!" मंगल म्हणाली, "अगं, कपडे नाही आणले. अण्णांना उगीच त्रास." फोनवर "हितं हुईल" म्हणणारा माणूस "राहा" एवढं म्हणू शकत नव्हता. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात जुईनं जिन्याकडे बोट केलं. "वर काय आहे?"

मिस्त्रींनी करदोड्याला बांधलेली किल्ली सोडली. आम्ही सगळेच त्यांच्यामागून वर गेलो. पांढरीशुभ्र खोली, दोन गाद्या, वर धुतलेल्या चादरी. आणि ती बुटकी खिडकी. जुई धावत जाऊन तिच्यापुढे मांडी घालून बसली आणि तिनं दोन्ही कोपरं चौकटीवर टेकवली. समोर संध्याकाळच्या उन्हात सगळ्या तबकड्या एकाच वेळी, सावकाश एका बाजूला वळत होत्या.

"आजोबा, त्या हलतायत! सगळ्या मिळून!"

मंगल खिडकीकडे बघत राहिली. "अण्णा, ही एवढी खाली का ठेवली?"

"जुईला मापून ठेवली व्हती," कोंडीभाऊ म्हणाले. "तवा एवढीशी व्हती. म्हणलं, पोरीला उभं ऱ्हाऊन दिसाय पायजेल, कुनी उचलून धराय नको. मी हितं पानी मारत बसलो आन् तिकडं पोर वाढत गेली."

शैलानं माझा हात धरला.

"पण बसून बरोब्बर दिसतंय," जुई मान न वळवता म्हणाली.

मंगलनं डोळे पुसले आणि ती नवऱ्याकडे वळली. "सकाळच्या जीपनं जाऊ." जावई बापडे आधीच गादीवर टेकले होते. कपड्यांचं आम्ही बघतो, असं म्हणून शैला पळत घरी गेलीसुद्धा.

दिवेलागणीला मी आणि कोंडीभाऊ खालच्या खोलीत चहा घेत बसलो होतो. वीज आली होती. डोक्यावर लहान पावलांची धाडधाड चालू होती, आणि मिस्त्रींचं बशीतल्या चहाकडे लक्ष नव्हतं. गोटी त्यांनी जुईला देऊन टाकली होती. जरा वेळानं वरून घरंगळण्याचा आवाज आला. मिस्त्रींनी मान वर केली. आवाज छतावरून सरकत गेला तसं त्यांचं बोटही सरकत गेलं, दाराकडून खिडकीकडे.

मला राहवलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मिस्त्री माझ्या तावडीत सापडले होते.

"मिस्त्री, वरच्या खोलीची पाण्याची वाट दाराकडं, आणि गोटी चालली खिडकीकडं. ढाळ चुकला की!"

वर गोटी थांबली आणि तिच्यामागून पावलं पळत गेली.

"चुकू द्या की, पावणं," कोंडीभाऊ छताकडे बघत म्हणाले. "उचलाया हाय आता तितं कुनीतरी."