खंडू साळिंदराचा टिकाऊ संगणक

एका जंगलात, मुलांनो, वाघ थोडे उरले होते आणि सल्लागार फार झाले होते. वाघ परवडला. पोट भरलं की तो निदान गप्प बसतो.

त्या जंगलात खंडू नावाचं एक साळिंदर राहायचं. स्वभावानं गरीब, पण अंगावर हे एवढाले काटे. त्यामुळे त्याच्याशेजारी कुणी बसत नसे. पंगत बसली की त्याच्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी राहायची. "खंडू, तू आपला कडेला बस हं बाळ," असं सगळे फार प्रेमानं सांगायचे. प्रेमानं सांगितलं म्हणजे लागत नाही, अशी सज्जनांची समजूत असते. लागतं तेवढंच लागतं.

एकच जण त्याच्याजवळ बसायचा, लखू भेकर. लखूच्या कुशीवर कायम ओरखडे असायचे, पण त्याबद्दल तो कधी अवाक्षर बोलला नाही. पुढे काय झालं, जंगलात घाणेरीची झुडपं इतकी माजली की चरायला गवत उरेना. लखू नदीपलीकडच्या रानात निघून गेला. खंडू पुन्हा कडेला.

पाऊस ओसरत आला तेव्हा धनेश पक्षी लखूचा निरोप घेऊन आला.

"लखूनं सांगितलंय, आमची टोळी जमलीय. कोजागिरीला डाव सुरू होणार. तुझी जागा धरून ठेवलीय. एक संगणक घे, घरी बस, तिथूनच आमच्यात खेळ. तुझे काटे कुणाला टोचायचे नाहीत. आणि हो, साधा असला तरी चालेल."

डाव कसला, तर 'धरा वाघाला.' त्यात भेकरं, ससे, साळिंदरं सगळी मिळून संगणकावर वाघाची शिकार करायची. खऱ्या जंगलात जे जमत नाही ते खेळात करायचं. मोठी माणसंही तेच करतात, फक्त त्याला खेळ म्हणत नाहीत.

"लखूचा संगणक कसा आहे रे?" खंडूनं विचारलं.

"त्याचा? जुन्यापान्यातून जोडलाय. पंखा वेलीनं बांधलाय. पण वाघ पळतो बघ त्याच्यापुढे!"

खंडूचा आनंद पोटात मावेना. त्याच्याकडे एक पोतं हिरडे होते. त्या जंगलात सगळा व्यवहार हिरड्यांवर चाले, आणि हे पोतं त्यानं एकेक हिरडा वेचून भरलं होतं. साध्या संगणकाला ते पुरून उरलं असतं. पोतं पाठीवर घ्यायचं, बाजारात जायचं, संगणक आणायचा, लखूला हाक मारायची. संपली गोष्ट.

पण बाजाराच्या वाटेवर वड होता. त्या जंगलाची रीतच अशी, की वडाच्या पारावर विचारल्याशिवाय कुणी काही विकत घ्यायचं नाही. विचारून घेतलेली वस्तू बिघडली तर नशीब म्हणायचं. न विचारता घेतलेली चांगली निघाली तरी नावं ठेवायची.

पारावर बंडोपंत वानर बसले होते. संगणक या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्याकडे संगणक नव्हता. एकदा मेव्हण्याकडे पाहिला होता, तोही बंद.

"संगणक घेतोस? छान!" बंडोपंत म्हणाले. "किती वर्षं टिकायला हवा?"

हा विचार खंडूनं केलाच नव्हता. "टिकेल तेवढा टिकेल की," तो म्हणाला.

पार खदाखदा हसला.

"अरे गाढवा, संगणक म्हणजे काय अळूचं पान आहे? आज आणलं, उद्या वड्या केल्या? घ्यायचा तर असा घ्यावा की तुझी नातवंडं त्यावर खेळली पाहिजेत!"

खंडूचं अजून लग्नही झालेलं नव्हतं. पण नातवंडांचं नाव निघताच बिचाऱ्याला गहिवरून आलं.

मग चर्चा पेटली. संगणकाचा मेंदू असतो, त्याला प्रोसेसर म्हणतात. पडद्यावर चित्रं काढतं त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. हिरडे मोजके असले तर कशावर जास्त घालावेत? अर्धी वानरं म्हणाली, मेंदूवर. अर्धी म्हणाली, कार्डावर. दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या शेपट्या ओढल्या. ज्यांना स्वतःचा मेंदू कधी सापडला नव्हता ते मेंदूसाठी सर्वांत जोरात भांडले.

खंडूनं भीत भीत विचारलं, "'धरा वाघाला'साठी किती लागतं?"

"आजच्या 'धरा वाघाला'चं सोड रे!" बंडोपंत गरजले. "आणखी दहा वर्षांनी वाघ केवढा होईल, त्याचा विचार कर!"

एवढ्यात फांदीवरून घुबडशास्त्र्यांनी डोळे उघडले. ते क्वचित बोलत, म्हणून त्यांना ज्ञानी समजत. ते म्हणाले, "थांब. नवीन येतंय."

खंडू थांबला. नवीन आलं. तो पोतं घेऊन उठला.

"थांब," घुबडशास्त्री म्हणाले. "याच्याहून नवीन येतंय." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

आता खरं सांगू का, मुलांनो? खंडूला हे थांबणं गोड वाटू लागलं होतं. रोज तो पारावर जायचा आणि रोज त्याच्याभोवती गर्दी जमायची. ज्याच्या दोन्ही बाजूंची पानं जन्मभर रिकामी राहिली, त्याच्या खांद्याला खांदा लावून वानरं, मोर, तरसं बसायची. एखादा काटा टोचला तर 'अरे, असू दे, असू दे' म्हणायची. भरलं पोतं जवळ असलं की काटेसुद्धा मऊ लागतात. भोळ्या खंडूला वाटलं, ही सगळी आपली माणसं.

धनेश पुन्हा आला. "लखू विचारतोय, झालं का?"

"त्याला सांग, नीट बघून घेतोय. घाईची वस्तू टिकत नाही."

"पण तो म्हणाला होता, साधा..."

"साधा टिकत नाही!" खंडू म्हणाला. आवाज अगदी बंडोपंतांचा आला. धनेश आला तसा उडून गेला.

कोजागिरी तोंडावर आली तेव्हा कुठे सगळा पार खंडूला घेऊन कोल्हेशेठच्या दुकानात शिरला. एवढी मंडळी बघून कोल्हेशेठनं आधी हात जोडले, मग भाव वाढवले.

पारानं सर्वांत मोठं ग्राफिक्स कार्ड निवडलं. दहा वर्षांनंतरच्या वाघासाठी. पोतं निम्म्याखाली गेलं. नातवंडांसाठी प्रोसेसर घेतला. पोतं आणखी बसलं. मग मोर पुढे झाला.

"आणि हे सगळं ठेवणार कशात? पत्र्याच्या डब्यात? लोक बघायला येतील ना!"

म्हणून चारी बाजूंनी काचेची पेटी घेतली. आत जिवंत काजवे सोडलेले, लाल, निळे, हिरवे. काजव्यांमुळे संगणक जोरात चालतो असं मोर म्हणाला. तो स्वतः पिसाऱ्यामुळे धड उडू शकत नव्हता, पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

शेवटी एक गोष्ट राहिली, पॉवर सप्लाय. मुलांनो, त्या जंगलात धबधब्यावरून वीज यायची. ती फार लहरी. कधी थेंब थेंब, कधी लोंढा. पॉवर सप्लाय म्हणजे पंगतीतला वाढपी. आलेली वीज जोखून ज्याला जेवढी पेलेल तेवढी वाढायची, हे त्याचं काम. वाढपी बेताल निघाला तर स्वयंपाक कितीही चांगला असो, पंगतीचा सत्यानाश.

पण पोत्याच्या तळाशी आता चार किडके हिरडे होते.

कोल्हेशेठनं फळीखालून एक काळा डबा काढला. "हा घ्या. नाहीतरी हा आत बसतो. कुणाला दिसतो? न दिसणाऱ्या वस्तूवर शहाणा माणूस खर्च करत नाही."

खंडूनं बंडोपंतांकडे पाहिलं. बंडोपंतांनी डबा उचलला. कलिंगड घेताना मारतात तशी त्यावर टिचकी मारली. मग हातात तोलला.

"जड आहे," ते म्हणाले. "जड ते टिकाऊ."

डबा हातोहात फिरला. प्रत्येकानं तोलला आणि प्रत्येकानं मान डोलावली. उघडून कुणी बघितला नाही. उघडून बघणं त्या जंगलात असभ्य समजत.

कोजागिरीच्या तिन्हीसांजेला वडाखाली चौरंग मांडला. वर संगणक, संगणकाला झेंडूचा हार. सगळं जंगल दर्शनाला लोटलं. काचेत काजवे चमकले आणि 'अहाहा' झालं. खंडू चौरंगासमोर बसला. त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी होती. पलीकडच्या रानात लखू वाट बघत होता.

खंडूनं बटण दाबलं. पंखा घुमला. पडदा उजळला आणि त्यावर अक्षरं आली: 'लखू वाट बघतोय.'

खंडूच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं पंजा पुढे केला.

त्याच क्षणी धबधब्याकडून विजेचा लोंढा आला. आधी फट् झालं, मग फडाड् झालं. धूर निघाला. कार्ड गेलं, मेंदू गेला, काच तडकली. काजवे तेवढे शहाणे, फटीतून उडून गेले. काळा डबा फुटला आणि त्यातून दोन तुटक्या तारा आणि नदीतला एक गुळगुळीत गोटा बाहेर पडला. गडगडत तो बंडोपंतांच्या पायाशी जाऊन थांबला.

बंडोपंतांनी पाय मागे घेतला.

"मी तेव्हाच म्हणत होतो," बंडोपंत म्हणाले, "की थांबायला हवं होतं."

"नवीन येतंय," वरून घुबडशास्त्री म्हणाले.

"आई गं, टोचलं!" खंडूच्या शेजारचं तरस ओरडलं आणि सरकून बसलं. मग दुसरं सरकलं. बघता बघता पार रिकामा झाला.

खंडू तो गोटा घेऊन कोल्हेशेठकडे गेला. कोल्हेशेठ आटवलेलं दूध पीत होते. "जड मागितलंत, जड दिलं," ते म्हणाले, आणि मिशी पुसली.

सकाळी धनेश आला.

"लखूनं तुझी जागा बराच वेळ धरून ठेवली. बाकीचे चिडले. शेवटी त्यांनी रानडुकराला घेतलं."

"वाघ सापडला?"

"सापडला ना. काय नाचले सगळे!"

मग खंडूनं विचारलं, "लखू काही म्हणाला?"

"त्यानं एवढंच विचारायला सांगितलंय," धनेश म्हणाला. "साधा चालेल, हा त्याचा निरोप मी तुला नीट पोचवला होता ना?"

धनेश उडून गेला. तो पुन्हा कधी आला नाही.

त्यानंतर किती पावसाळे गेले! पेटीच्या काचेवर शेवाळ चढलं. कार्डात मुंग्यांनी वारूळ केलं. गोटा मात्र जसाच्या तसा आहे, एक टवकासुद्धा उडालेला नाही. खंडूनं तो वडाखाली ठेवलाय. रोज संध्याकाळी तो त्यावर बसतो, आणि आता त्याच्या दोन्ही बाजूंना दाटीवाटीनं मंडळी बसतात. सल्ला देणाऱ्याचे काटे टोचत नाहीत.

परवाच एक ससा पाठीवर हिरड्यांची पिशवी घेऊन तिथून चालला होता. कुणीतरी मित्र त्याला खेळायला बोलावत होता म्हणे. घाईत होता बिचारा.

"थांब," गोट्यावरून खंडू म्हणाला. "किती वर्षं टिकायला हवा?"

*

तात्पर्य: टिकाऊच वस्तू हवी असेल तर, मुलांनो, दगड घ्यावा. तो जुना होत नाही, जळत नाही, आणि त्याच्याहून नवीन काही येत नाही. मित्राबरोबर खेळायला तो उपयोगी पडत नाही, एवढंच. पण त्यावर बसून दुसऱ्याचा संगणक जन्मभर निवडता येतो.