मॅडमचा पाय आणि तपासणी समिती

परिचारिका महाविद्यालयात ‘सांस्कृतिक सहानुभूती’ हा विषय शिकवणाऱ्या मॅडम बरीच वर्षं हंगामी होत्या. आज तपासणी समिती त्यांचा तास बघायला मागच्या बाकावर येऊन बसली होती. समितीला तास पटला तर मॅडम कायम होणार होत्या. नाही तर विषयही जाणार होता आणि मॅडमही.

प्रात्यक्षिकात परक्या संस्कृतीतला रुग्ण त्या स्वतःच होणार होत्या. आजार काय, हे मुलींना सांगितलेलं नव्हतं. मॅडम खाटेवर चढल्या आणि बाजूच्या कठड्याला ऐटीत टेकल्या. कठड्याची खिटी लावायची राहिली होती. पुढच्या क्षणी मॅडम खाटेपलीकडे फरशीवर होत्या.

"आई गं, माझा पाय."

पहिल्या बाकावरची हुशार मुलगी शिकवल्याप्रमाणे हातभर अंतर राखून उकिडवी बसली. "तुमच्याकडे वेदनेला काय मानतात?"

"वेदनाच मानतात. अगं, खरंच मोडलाय."

"तुमच्यासाठी ते खरं आहे, याचा मी आदर करते."

हे वाक्य मॅडमनीच घोकून घेतलं होतं. मागे समितीतल्या बाईंनी मान डोलावली.

"आधी उचला मला."

"हात लावायची परवानगी तुमच्या घरात कोण देतं?"

"मीच देते ना."

"दडपणाखाली बोलत असतील," शेजारची कुजबुजली. "घरच्या मोठ्यांना विचार."

मॅडमनी हताश होऊन सासूबाईंचा नंबर सांगितला. हुशार मुलीने फोन लावून स्पीकरवर टाकला.

"पडली?" सासूबाईंचा आवाज वर्गभर घुमला. "त्या उंच टाचा नकोत म्हणून कालच सांगितलं होतं. माझं ऐकतं कोण या घरात? तुम्हीच बघा काय ते. आणि कपाटाची किल्ली कुठे ठेवलीय, तेवढं विचारा तिला."

मॅडमनी किल्लीची जागा सांगितली आणि त्यांना रडू फुटलं. रडणाऱ्याला लगेच गप्प करू नये, हेही त्यांनीच शिकवलेलं. सगळा वर्ग अदबीने बघत राहिला.

शेवटी समितीचे अध्यक्ष उठले. "मुली उत्तम तयार केल्यात. तुम्हाला कायम करायची शिफारस करतोय आम्ही. फक्त रुग्णाचं काम जरा भडक वाटलं. पुढच्या वेळी एखादी चांगली नटी बघा."

समिती चहाला गेली. हुशार मुलीने दार लागल्याची खात्री केली.

"मॅडम, तास संपला का?"

"संपला गं बाई."

तशी ती झटकन पुढे सरकली, दोघींना फळी आणायला पिटाळलं आणि हलक्या हाताने मॅडमची चप्पल काढली.

"अहो, केवढा सुजलाय हा. मघाशीच नाही का सांगायचं?"